फोनवर भरलेले पैसे कार्डात कसे उतरतात, तेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

इंदूरला येणाऱ्या पाहुण्यांना कालच्या अंकात सल्ला आहे: मेट्रो आणि बस, दोन्हींचे भाडे भरता येणारे कॉमन मोबिलिटी कार्ड घ्या, फोनवरून पैसे भरा आणि कुठेही फिरा. वाचून राग आला. पाहुणा जिथे अडकतो, नेमकी तीच पायरी लेखात गाळली आहे.

या कार्डाच्या पैशांचे दोन कप्पे असतात. एक बँकेकडे, दुसरा कार्डावरच्या चिपमध्ये. मेट्रोचे गेट काय किंवा कंडक्टरचे मशीन काय, दोघेही फक्त चिप वाचतात. गर्दीत दर माणसामागे बँकेला विचारत बसायला वेळ नसतो. फोनवरून भरलेली रक्कम आधी बँकेकडच्या कप्प्यात पडते. ती चिपमध्ये उतरवायला बहुतेक वेळा कार्ड काउंटरवरच्या रीडरवर किंवा टॉप-अप मशीनवर ठेवावे लागते आणि नवी शिल्लक दिसेपर्यंत हलवायचे नसते. हे राहिले की फोनवर ५०० रुपये दिसतात आणि गेट उघडत नाही. मागे रांग, हातात सामान, बरोबर वयस्कर माणसे. पाहुण्याची समजूत होते की कार्डच खराब निघाले. चिपमध्ये एका वेळी २,००० रुपयांपर्यंतच ठेवता येतात, हेही कुठे लिहिलेले नाही.

बँकेच्या रुपे डेबिट कार्डाचे तेच. त्यावर कॉमन मोबिलिटीची खूण असली, तरी चिपमधला कप्पा आपण भरेपर्यंत रिकामाच असतो. खात्यात कितीही पैसे असोत. आणि दुकानात टेकवून पैसे देण्याच्या त्या चार वक्र रेघा म्हणजे ही खूण नव्हे. तिथे लोक हमखास फसतात.

चौघांच्या कुटुंबाला एक कार्ड पुरत नाही, हे तर लेखात औषधालाही नाही. मेट्रोत आत शिरताना प्रवेशाची नोंद चिपवर होते, बाहेर पडताना भाडे कापले जाते. पहिली नोंद उघडी असताना तेच कार्ड दुसऱ्याने लावले तर गेट त्याला आत सोडत नाही. म्हणजे चार कार्डे, आणि चारही कार्डांत उरलेले थोडेथोडे पैसे. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रवासासाठी केवायसीशिवाय, म्हणजे ओळखीच्या कागदपत्रांची पडताळणी न करता, कार्ड द्यायला परवानगी दिली, हे चांगलेच झाले. पण त्यात एकूण ३,००० रुपयांपर्यंत शिल्लक ठेवता येत असली, तरी ती रोख परत मिळत नाही. दोन दिवसांसाठी खजराना गणपतीला आणि उज्जैनला आलेल्या माणसावर हा भार कशासाठी?

४ मार्च २०१९ रोजी अहमदाबादेत या कार्डाचा आरंभ झाला, तेव्हा देशभर एकच कार्ड हा हेतू होता आणि तो मला मनापासून पटतो. पुणे मेट्रोचे असे कार्ड पाहुण्याच्या खिशात असेल, तर त्याला इथे दुसरे घ्यायला लावू नये. मात्र समोरच्या मशीनमध्ये ते वाचायची सोय हवी. ‘कुठेही’ हा शब्द छापण्याआधी कोणत्या मार्गावरची मशीन ते घेतात, याची यादी छापा.

पाहुण्याला खरी गरज आहे ती सरवटे बसस्थानकावर आणि रेल्वे स्टेशनबाहेर रोखीने मिळणाऱ्या दिवसभराच्या कागदी पासाची, आणि अख्ख्या कुटुंबाला एकच क्यूआर तिकीट काढता येईल अशा सोयीची. ३१ मे २०२५ रोजी सुरू झालेला मेट्रोचा पहिला टप्पा गांधीनगरकडून सुपर कॉरिडॉरवर आहे. राजवाड्याला जायला तो उपयोगी नाही, तिथे बसच लागते. उज्जैनचा सिंहस्थ कुंभमेळा २०२८ मध्ये आहे, तेव्हाची गर्दी काउंटरवर कार्डाचे फॉर्म भरत बसणार नाही.

जाता जाता आणखी एक. आपल्या पर्यटन पुरवणीत सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारातल्या पदार्थांना पानभर जागा असते, पण तिथे जायला कोणत्या थांब्यावर उतरायचे आणि परतीची शेवटची बस किती वाजता, याला दोन ओळीही नाहीत. पुढच्या पुरवणीत त्या द्याव्यात, ही विनंती.

आपला,
एक वाचक, रामबाग, इंदूर