रक्तपेशींचे चित्र कसे घडले, तेही छापावे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रक्तविकारांवरील लेखांसोबत वृत्तपत्रांत लालभडक, फुगीर कडांच्या पेशींची चित्रे येतात. ती बहुधा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून घेतलेली असतात. त्या यंत्राची प्रतिमा मुळात करड्या छटांची असते आणि लाल रंग मागाहून संगणकावर भरला जातो, परंतु चित्राखाली त्याचा उल्लेख क्वचितच आढळतो. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ताज्या रक्तातली एकटी पेशी फिकट पिवळसर दिसते, हे त्यामुळे कित्येक वाचकांना ठाऊकच नसते.

या संदर्भात पॅरिसचे डॉक्टर आल्फ्रेड दोने यांच्या कामाची आठवण करून द्यावीशी वाटते. (डेंग्यूच्या दिवसांत घरोघरी ज्यांची चर्चा होते, त्या प्लेटलेटची नोंद त्यांनी १८४२ सालीच केली होती.) हाताने काढलेल्या आकृतीत निरीक्षकाची समजूतही नकळत उतरते, म्हणून प्रकाशालाच चित्र काढू द्यावे, असा त्यांचा आग्रह होता. १८३९ साली डॅगेरोटाइप या छायाचित्रणाच्या सुरुवातीच्या पद्धतीची कृती जाहीर झाली आणि पुढच्याच वर्षी त्यांनी सूक्ष्मदर्शकातून घेतलेली छायाचित्रे फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे ठेवली. रक्त पाहवत नसल्याने वैद्यकीचे शिक्षण सोडलेला लेओन फूको हा तरुण त्यांचा सहायक होता. पुढे लंबकाच्या प्रयोगाने पृथ्वीचे परिवलन दाखवणारा फूको तो हाच. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर आयोडीनची वाफ द्यायची, प्रकाश पाडायचा आणि पाऱ्याच्या वाफेने प्रतिमा उठवायची, अशी डॅगेरोटाइपची खटपट होती.

मात्र असा पत्रा एकमेव असे. त्याच्या प्रती निघत नसत. त्यामुळे १८४५ साली निघालेल्या त्यांच्या चित्रसंग्रहासाठी ऊदे नावाच्या कारागिराने त्या प्रतिमा पाहून छपाईचे ठसे हाताने कोरले. ज्या हाताला दूर ठेवायचे होते, त्याच्याच कौशल्यावर ते विज्ञान अखेर वाचकांपर्यंत पोहोचले. माझ्या मते यात उणेपणा काहीच नाही, कारण चित्रे सूक्ष्मदर्शक-डॅगेरोटाइपवरून केल्याचे दोने यांनी ग्रंथाच्या शीर्षकातच सांगितले होते.

आज चित्र देखणे करण्यासाठी रंग भरण्यासही माझी हरकत नाही. रंगाने पेशींचे आकार चटकन वेगळे ओळखता येतात आणि विद्यार्थ्यांचे लक्ष वेधले जाते. माझी विनंती एवढीच आहे, की आपल्या दैनिकात असे चित्र छापताना सूक्ष्मदर्शकाचा प्रकार, चित्र किती पटींनी मोठे केले आहे, रंग कृत्रिम आहे का आणि चित्र कोणी तयार केले, एवढा मजकूर त्याखाली एका ओळीत द्यावा.

आपला,
एक वाचक