१४२८५७ चा भागाकार मुलांना करू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१४२८५७ ही 'सिद्ध संख्या' असल्याचा मजकूर सध्या आमच्या खानापूर-बेळगाव भागातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतो आहे. २ ने गुणा, २८५७१४. ३ ने गुणा, ४२८५७१. ६ पर्यंत कितीनेही गुणलं तरी तेच सहा अंक त्याच क्रमाने फिरतात आणि ७ ने गुणताच ९९९९९९. हिशेब सगळा बरोबर आहे. पण शेवटी ही संख्या कागदावर लिहून गल्ल्यात ठेवायला सांगितलंय, आणि असं का होतं याबद्दल चकार शब्द नाही. आयुष्यभर गणित शिकवलेल्या माणसाला हे सहन होत नाही.

कारण शाळकरी भागाकारातच आहे. १ ला ७ ने भागत जा. बाकी ३, २, ६, ४, ५ अशी उरते आणि पुन्हा १ वर येते. ७ ने भागताना शून्य सोडून सहाच बाक्या शक्य आहेत आणि त्या सहाही एकाच फेरीत येऊन जातात. त्या फेरीत भागाकाराचे जे अंक पडतात तेच १४२८५७. ३ ला ७ ने भागायचं म्हणजे त्याच फेरीत एक घर पुढून निघायचं, म्हणून ४२८५७१. सगळ्याच संख्यांचं असं होत नाही. १३ ने भागताना बाक्यांच्या दोन वेगळ्या फेऱ्या पडतात, त्यामुळे ०७६९२३ ची दुप्पट केली की १५३८४६ असे निराळेच अंक येतात.

देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या 'कापरेकर संख्यां'तही १४२८५७ बसते. तिचा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे २०४०८ आणि १२२४४९ असे दोन तुकडे करून मिळवा, पुन्हा १४२८५७! इथेही कारण सापडतं. तिच्यातून एक वजा केला की उरतात १४२८५६, म्हणजे ७ गुणिले २०४०८. म्हणून वर्गातून मूळ संख्या वजा केली की बरोबर ९९९९९९ गुणिले २०४०८ उरतात, म्हणजे २०४०८ ची दहा लाख पट वजा २०४०८. म्हणजेच वर्गात पुढचा तुकडा २०४०८ आणि मागचा तुकडा मूळ संख्या वजा २०४०८, दोन्ही मिळून मूळ संख्याच. हे मुलांनी स्वतः कागदावर ताडून पाहावं.

आपल्या सीमाभागातली मुलं मराठी, कन्नड आणि इंग्रजी असे तिन्ही अंक वाचत मोठी होतात. अंक कुठल्याही लिपीत लिहा, ही फेरी बदलत नाही. दशमान पद्धत सोडली तर मात्र मोडते: आठाच्या पटीत मोजलं तर १ भागिले ७ म्हणजे नुसते ०.१११… असे एक मागून एक.

आपल्या बालपुरवणीत आठवड्याला अशी एक संख्या द्यावी आणि उत्तराबरोबर कारणही मागावं, ही कळकळीची विनंती. सुरुवात १९ पासून करता येईल. १ ला १९ ने भागताना किती अंकांनी फेरी पूर्ण होते? साध्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावर ती अख्खी मावत नाही, हातानेच करावी लागेल.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक
खानापूर, जि. बेळगाव