बाळा, तो मेसेज आधी डिलीट कर

बाळा,
काल फोनवर शेवटच्या घरातल्या काकूंचा विषय निघाला तसं तू म्हणलास, "आग असल्याशिवाय धूर निघत नाही मम्मी." पप्पा बाजूला होते म्हणून मी काही बोलले नाही, पण रात्रभर झोप नाही लागली म्हणून हे टाईप करायलेय, मोठं झालं तरी पूर्ण वाच.

गल्लीतल्यांनी काकूंवर भानामतीचा, म्हणजे करणीचा आळ घेतलाय. का तर समोरच्या घरात दोरीवरचे कपडे पेटायलेत, सुनेच्या अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उठायल्यात, आणि काकू रोज त्याच दारावरून जातात. कपडे पेटतात ते खोटं नाही, जळकी साडी मी स्वतः बघितली. म्हणजे आग आहेच रे, पण लावतंय कोण? आपल्या लातूर-नांदेडकडं अंनिसच्या, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या लोकांनी अशी कितीतरी घरं तपासली, बहुतेक वेळा करणारं माणूस त्याच घरातलं निघतं, कुणीतरी आतून जाचलेलं, ज्याला बोलायची सोय नाही असं. बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं की चट्टा उठतो हे तर तुझ्या आजीलाही ठाऊक होतं. मला खरी काळजी त्या सुनेची वाटायली. तिला मनाच्या डॉक्टरला दाखवायचं सोडून देवऋषाकडं नेलं, आणि त्यानं नाव सांगितलं. नाव कुणाचं निघतं ते बघ बरं. सरपंचाचं कधी निघालंय का? एकटी, विधवा, मागं भाऊ ना लेक, तिचंच निघतं.

आणि तू तिचा फोटो असलेला मेसेज फॅमिली ग्रुपवर पुढं ढकललास, "सावध राहा" लिहून.

1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला काय झालं ते तुला आठवत असंल. मंगळवेढ्याकडची नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं, भिक्षा मागून खाणारी, मुलं पळवणारी टोळी म्हणून ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून पाच जणांना ठेचून मारलं. मोबाईलवर फिरणाऱ्या अफवांनीच लोकं पिसाळली होती. आपल्या पारध्यांचं तरी काय, इंग्रजांनी 1871 ला कायदा करून जातीच्या जाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या, 1952 ला तो कायदा गेला तरी अजून गावात चोरी झाली की पोलीस आधी पारध्याच्या पालावर जातात. एकदा चिकटलेलं असं पिढ्यानपिढ्या निघत नाही.

जादूटोणाविरोधी कायदा 2013 चा आहे. एखाद्यावर करणी-भानामतीचा आळ घेऊन त्याला छळणं त्यात गुन्हा आहे, सहा महिने ते सात वर्षं शिक्षा, दंड वेगळा. अंगणवाडीच्या ट्रेनिंगला आम्हाला हे सांगितलं होतं, मी पप्पांना घेऊन उद्या ठाण्यात जाणारे. गल्लीतले बोलणं बंद करतील, करू दे.

काकूंना कालपासून हापशावर पाणी भरू देईना गेलेत. दोन घागरी मीच नेऊन दिल्या. तू दहावीला असताना रात्री लाईट गेली की कंदील घेऊन यायची ती बाई, आणि काल मला विचारत होती, पोरगा बरा आहे ना पुण्यात. मी काय सांगू तिला?

तर आता एवढं कर, मेसेज डिलीट कर, आणि ग्रुपवर स्वतःच्या नावानं लिही की ते खोटं होतं. मामा चिडले तर त्यांना मला फोन करायला सांग. अन् रविवारी काकूंना फोन लाव, नंबर पाठवते.

तुझी मम्मी