डॉक्टरसाहेबांची शोकसभा : रविवारी सकाळी १० वाजता

सभासदहो,
आपल्या डॉक्टरसाहेबांची शोकसभा येत्या रविवारी लातूरला संघाच्या सभागृहात आहे. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये बसून त्यांनी झोप उडालेल्या माणसांचं ऐकून घेतलं. दवाखाना कितीही भरलेला असो, रात्रीचं जेवण मात्र घरच्यांसोबतच! पेशंटच्या घरच्यांनाही ते आधी जवळ बसवून घ्यायचे.

– काकू आणि मुली येणार आहेत. हार-फुलं आणू नयेत.
– बोलायचं असेल त्यांनी शनिवारपर्यंत सचिवांना कळवावं.
– बोलताना कुठल्याही पेशंटचं नाव किंवा आजार सांगू नये. गुप्ततेचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं दिलाय, आणि साहेब याबाबतीत फार कडक होते.
– कुणाचं मन अस्वस्थ असेल तर टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतही.