२० थाउच्या बेअरिंग सेटमध्ये १० थाउचं शेल: लेखी तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
जुन्या गाड्यांचे सुटे भाग, ऑनलाइन विक्री विभाग

विषय: ‘एमजीए १५००’ या नावाने विकलेला बिग एंड बेअरिंग सेट बदलून मिळण्याबाबत आणि जादा घेतलेली रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय,

आपल्या वेबसाइटवरून मी एमजीए १५०० या स्पोर्ट्स कारच्या इंजिनासाठी बिग एंड बेअरिंगचा सेट मागवला, म्हणजे पिस्टनचा रॉड क्रँकशाफ्टच्या पिनेला जिथे जोडला जातो तिथली बेअरिंग. माप २० थाउ अंडरसाइज, म्हणजे तेवढी घासून बारीक केलेल्या पिनेसाठी (एक थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). डबा सीलबंद आला, वर मापही बरोबर छापलेलं. आत आठ शेल, म्हणजे बेअरिंगचे अर्धगोल तुकडे, दर रॉडला दोन. सातांच्या पाठीवर ०२० असा ठसठशीत शिक्का आहे, आठव्याची पाठ कोरी. हे कोरं शेल २० थाउचं नाही, १० थाउचं आहे. फोनवर सांगून झालं, ईमेलवर फोटो पाठवून झाले. त्यावर आपल्याकडून उत्तर आलं की माल घरी आणि अव्यावसायिक व्यक्तीने बसवलेला असल्यामुळे वॉरंटी लागू होत नाही, तक्रार करायची तर अधिकृत सर्व्हिस सेंटरचं जॉबकार्ड जोडा. हे उत्तर मला मान्य नाही, म्हणून हे पत्र.

आधी मापाचं बोलू, कारण आपल्या उत्तरात मापाबद्दल अवाक्षर नाही.

इंजिन तापलं की ऑइल प्रेशर खाली यायचं आणि खालून ठोका ऐकू यायचा, म्हणून मी ते उतरवलं. क्रँकच्या पिना ओरखडल्या होत्या. या इंजिनाची बिग एंड पिन कोरी असताना १.८७५९ ते १.८७६४ इंच असते. इथे कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात क्रँक ग्राइंड करून घेतला, चारही पिना २० थाउ खाली, म्हणजे १.८५५९ ते १.८५६४ इंचांत. प्रत्येक पिनेचं माप ग्राइंडिंगवाल्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं आहे आणि मी स्वतः मायक्रोमीटर लावून ते ताडून पाहिलं आहे. चिठ्ठीची प्रत सोबत आहे.

कोरी पाठ पाहून शंका आली, म्हणून इंजिन बांधण्याआधी प्रत्येक रॉडचा गाळा, म्हणजे पिन आणि शेलमधली फट, प्लॅस्टिगेजने तपासला. हिरव्या प्लॅस्टिगेजची बारीक, मेणासारखी तार पिनेवर आडवी ठेवायची, रॉडचं टोपण लावून ३५ फूट-पाउंडाला कसायचं, क्रँक तसूभरही हलू न देता पुन्हा खोलायचं आणि तार किती पसरली ते पट्टीवर वाचायचं. तीन रॉडांवर तार छान चपटी झाली, गाळा दीड ते दोन थाउ. तिसऱ्या नंबरच्या रॉडवर तार ठेवली तशीच्या तशी, गोल. हिरवी तार १ ते ३ थाउ मोजते. तिला स्पर्शच झाला नसेल तर गाळा त्याहून मोठा आहे, एवढं उघड आहे.

दोष पिनेचा की शेलचा, हे ठरवायला कोरं शेल तिसऱ्या रॉडमधून काढून पहिल्यात घातलं आणि पहिल्यातलं तिसऱ्यात. आता तिसरा रॉड बरोबर आणि पहिल्यावरची तार गोल. दुखणं शेलबरोबर गेलं. मग गोल टोकाच्या मायक्रोमीटरने आठही शेलांची मधली जाडी घेतली. सात एकसारखी, आठवं ५ थाउने पातळ. १० आणि २० थाउच्या सेटमध्ये दर शेलमागे नेमका एवढाच फरक असतो, कारण फरक दोन शेलांत वाटला जातो. उद्यमनगरातल्या ग्राइंडिंगवाल्यांना हे दाखवलं तर ते म्हणाले, “क्रँकला बोल लावायच्या आधी शेल मोजा म्हणावं त्यांना.” आपण अजून मोजलेलं नाही.

५ थाउ म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. ऐकायला काहीच नाही. पण बिग एंडचा सगळा भार तेलाच्या थरावर तोललेला असतो. गाळा दोनाचा सात थाउ झाला की तेल बाजूने निसटतं, प्रेशर पडतं, शेल पिनेवर आपटत राहतं आणि एके दिवशी रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. या गाडीचं उत्पादन १९६२ मध्ये थांबलं, त्यातही १५०० सीसीचं मॉडेल १९५९ मध्येच बंद झालं. फुटलेला ब्लॉक मी कुठल्या दुकानातून आणणार होतो?

आता ‘अव्यावसायिक’ या मुद्द्याकडे येतो. होय, मी हौशी आहे. पोट बँकेच्या नोकरीवर चालतं, इंजिनाचं काम रविवारी घरामागच्या शेडमध्ये. पण हे इंजिन काय आहे ते आपण विसरलात असं दिसतं. १४८९ सीसी, चार सिलिंडर, पुशरॉड, तीन मेन बेअरिंग. मेनचे बोल्ट ७० फूट-पाउंड, हेडचे नट ५०, फायरिंग ऑर्डर १-३-४-२, टॅपेट १७ थाउ. हे सगळं वर्कशॉप मॅन्युअलमध्ये छापलेलं आहे. रॉडची टोपणं तिरकी कापलेली आहेत, कारण रॉड सिलिंडरमधून वर काढता यावा. खोलायला, बांधायला ते सोपं आहे आणि म्हणूनच सत्तर वर्षं जगभर लोक ते घरी बांधत आले आहेत. आपल्या वेबसाइटच्या पहिल्याच पानावर ‘घरच्या घरी इंजिन बांधणाऱ्यांसाठी’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं आहे. विकताना हौशी चालतो, तक्रार केली की तोच हौशी अपात्र?

शिवाय माल ‘बसवलेला’ नाहीच. इंजिन चालू झालेलं नाही, एकदा फिरवलेलंसुद्धा नाही. शेलच्या तोंडावर एक ओरखडा नाही. शेलची जाडी कारखान्यात ठरते. ते माझ्या हातात आहे की अधिकृत मेकॅनिकच्या, यावरून ती बदलत नाही.

आणि जॉबकार्ड! एमजीच्या आजच्या शोरूममध्ये ही गाडी नेली तर तिथली पोरं हौसेने सेल्फी काढतील, जॉबकार्ड कोण फाडणार? आपल्या प्रतिनिधीने फोनवर “सर, गॅरेजला द्या ना, घरी कशाला त्रास घेताय” असा सल्लाही दिला. त्यांची काळजी पोचली. मला शेल हवं आहे.

दुसरी तक्रार किमतीची. वेबसाइटवर सेट ‘इम्पोर्टेड’ म्हणून दिला आहे. डब्यावरचं ‘एमजीए’चं स्टिकर कोपऱ्यातून सुटलं होतं, ते उचललं तर खाली ॲम्बेसेडरचं लेबल, माल भारतात बनलेला. माझा ॲम्बेसेडरच्या मालाला अजिबात आक्षेप नाही. दोन्ही इंजिनं बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) या कंपनीच्या एकाच बी सिरीजची, बोअर ७३.०२५ मिमी, स्ट्रोक ८८.९ मिमी. एमजीएला दोन एसयू कार्बोरेटर आणि थोडा वेगळा थाट, पण बिग एंडची शेल तीच. ॲम्बेसेडर जिथे बनायची त्या उत्तरपाड्याच्या कृपेने या देशात जुनी एमजी जिवंत ठेवता येते, हे मी आनंदाने मान्य करतो. पण तेच शेल ॲम्बेसेडरच्या नावाने बाजारात जवळजवळ एक तृतीयांश किमतीत मिळतं. स्टिकरचे पैसे मी का द्यावेत? मूळ देश आणि उत्पादक झाकणं हे पॅकबंद मालाच्या नियमांतही बसत नाही.

सेटसोबतच्या लॉक टॅबच्या पट्ट्याही कमी भरल्या. ती किरकोळ बाब, फक्त नोंद करतो.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. तिथे ग्राहकाचा व्यवसाय विचारलेला नाही.

माझी मागणी अशी. आठही शेलांवर ०२० शिक्का असलेला पूर्ण सेट आपल्या खर्चाने पाठवावा. एकच शेल पाठवून भागवू नये, कारण बाकीची सात आता कुठल्या लॉटची हेही मला खात्रीने सांगता येत नाही. ॲम्बेसेडरच्या सेटची किंमत वजा करून उरलेली रक्कम खात्यात जमा करावी. त्याच लॉटचे डबे आणखी कुणाला गेले असतील तर त्यांना आजच कळवावं. सगळेच इंजिन बांधण्याआधी गाळा मोजतात असं नाही, आणि त्यांना ही चूक रस्त्यावर कळेल. जॉबकार्डाची अट वेबसाइटवरून काढावी.

महिन्याभरात हे झालं नाही तर कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करेन. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही.

बिल, डब्याचे व स्टिकरखालच्या लेबलचे फोटो, पिनांच्या मापांची चिठ्ठी आणि प्लॅस्टिगेजचे फोटो सोबत जोडले आहेत. मूळ शेल कुरिअरने पाठवणार नाही, तो माझा एकमेव पुरावा आहे. पाहायचं असेल तर आपला माणूस पाठवा. मायक्रोमीटर इथे आहे, त्याने स्वतः मोजावं.

आपला,
एक ग्राहक
कोल्हापूर