प्रशिक्षकाचा तास कोणीतरी लिहून काढावा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शालेय आणि वयोगटांच्या स्पर्धांचे निकाल आपल्या क्रीडापानावर येतात, तेव्हा विजेत्या संघाच्या छायाचित्रात मुलांच्या मागे प्रशिक्षक उभा असतो आणि त्याच्याविषयी वाचकाला एवढेच कळते की त्याचा संघ जिंकला. मी बावीस वर्षे आठ ते चौदा वयाच्या मुलामुलींना फुटबॉल शिकवतो आहे, आणि त्यातली पहिली सोळा वर्षे मलाही माझ्याविषयी याहून फारसे काही ठाऊक नव्हते. लहान मुलांचा चांगला प्रशिक्षक कसा घडतो, ही चर्चा बहुधा परवाने, शिबिरे आणि सरावाच्या नवनव्या प्रकारांपाशी येऊन थांबते. त्या सगळ्याचा उपयोग आहेच. पण मैदानावर आपण प्रत्यक्षात काय करतो हे प्रशिक्षकाला स्वतःला दिसत नाही, आणि दुसऱ्या कोणी ते पाहून लिहून दिल्याशिवाय ते कळण्याचा मार्गही नाही, ही गोष्ट त्या चर्चेत राहून जाते.

माझ्या बाबतीत हे अपघातानेच घडले. पाय प्लास्टरमध्ये असलेली एक सहकारी प्रशिक्षिका महिनाभर मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसत असे. एके दिवशी मी तिला म्हटले की, नुसती बसण्यापेक्षा माझा तास लिहून काढ. तिने संघातला सर्वांत चांगला नाही आणि सर्वांत कच्चाही नाही असा एक मुलगा निवडला, हातात घड्याळ घेतले आणि साठ मिनिटे फक्त त्याच्याकडे व माझ्याकडे पाहिले. तास संपल्यावर तिने वहीचे पान फाडून माझ्या हातात दिले. तो मुलगा एकतीस मिनिटे रांगेत उभा होता, चौदा मिनिटे माझे बोलणे ऐकत होता, आणि तासाभरात त्याच्या पायाला चेंडू सव्वीस वेळा लागला होता. खाली तिने मी हाक मारलेल्या नावांची नोंद केली होती. तिघांची नावे मी मिळून चाळीसहून अधिक वेळा घेतली होती आणि पाच मुलांचे नाव एकदाही घेतले नव्हते. एका मुलीला मी सहा वेळा ‘अगं, नीट बघ’ असे ओरडून सांगितले होते; काय बघ, कुठे बघ, हे मात्र एकदाही सांगितले नव्हते.

मी आधी तिच्याशी वाद घातला. आजचा तास नेहमीसारखा नव्हता, असे म्हणालो. तिने पुढच्या दोन तासांचीही तशीच पाने लिहून दिली, आणि मग वाद घालायला काही उरले नाही.

हे माझ्या एकट्याचेच झाले असे नाही, हे मला नंतर वाचनात आले. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल या मानसशास्त्रज्ञांनी 1970च्या दशकात मुलांच्या बेसबॉल संघांच्या 51 प्रशिक्षकांचे सामन्यांतले वर्तन निरीक्षकांकडून टिपून घेतले. प्रशिक्षक शाबासकी केव्हा देतो, चूक झाल्यावर धीर देतो की झापतो, सूचना कशा देतो, याची एकेक नोंद झाली. मग प्रशिक्षकांना विचारले की तुम्ही कसे वागता, आणि पाचशेहून अधिक मुलांनाही विचारले की तुमचे सर कसे वागतात. मुलांची उत्तरे निरीक्षकांच्या नोंदींशी बऱ्यापैकी जुळली. प्रशिक्षकांची स्वतःविषयीची उत्तरे बहुतांशी जुळलीच नाहीत. खोटे कोणीही बोलत नव्हते. सामना चालू असताना माणसाचे लक्ष चेंडूवर, धावफलकावर, पंचांवर असते. स्वतःच्या आवाजावर नसते.

याच अभ्यासकांनी पुढे प्रशिक्षकांसाठी सुमारे अडीच तासांचा वर्ग तयार केला. चांगल्या खेळाइतकीच चांगल्या प्रयत्नाचीही दखल घ्या, चुकीनंतर धीर देऊन पुढे काय करायचे ते नेमके सांगा, आणि दरवेळी आपण कसे वागलो हे स्वतः नोंदवा, एवढाच त्याचा गाभा. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, वर्ग न केलेल्या प्रशिक्षकांच्या हाताखालची 26 टक्के मुले पुढच्या हंगामात खेळायला आली नाहीत. वर्ग केलेल्यांच्या बाबतीत हे प्रमाण 5 टक्के होते. दोन्ही बाजूंच्या संघांचे जय-पराजय मात्र सारखेच होते. अभ्यास अवघ्या अठरा प्रशिक्षकांचा होता, म्हणून त्या आकड्यांवर वाजवीपेक्षा जास्त भार टाकू नये. पण निकालांच्या तक्त्यात ज्याचा मागमूसही नव्हता असा फरक मुलांच्या येण्या-न येण्यात दिसला, याकडे प्रत्येक क्रीडासंस्थेने लक्ष द्यायला हवे.

लिहून काढलेल्या तासाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण जॉन वुडन यांचे आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील बास्केटबॉल संघाचे ते प्रशिक्षक होते आणि त्यांच्या संघाने 12 वर्षांत 10 राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. 1974-75च्या हंगामात रोलंड थार्प आणि रोनाल्ड गॅलिमोर हे दोन संशोधक त्यांच्या सरावाला येऊन बसले आणि त्यांनी वुडन यांच्या 2326 कृती नोंदवल्या. त्यांतल्या जवळपास तीन चतुर्थांश कृती म्हणजे नुसती माहिती होती: काय करायचे, कसे करायचे. स्तुती सात टक्क्यांच्या आत होती आणि नाराजीही जवळपास तेवढीच. भाषण जवळजवळ नव्हते. त्यांचे एकेक सांगणे वीस सेकंदांपलीकडे क्वचितच जात असे. ते खेळाडू मोठे होते, त्यामुळे आठ वर्षांच्या मुलासाठी हे प्रमाण जसेच्या तसे उचलू नये. लहान मुलाला कौतुकाची भूक जास्त असते. पण वीस सेकंदांची मर्यादा मी उचलली, आणि माझ्या शिकवण्यात झालेला सर्वांत मोठा बदल तोच आहे. पूर्वी मी मुलांना गोल करून बसवत असे आणि बोलत राहत असे. तिसऱ्या मिनिटाला मुले गवत उपटू लागत, ते मला दिसत असे आणि त्याचा दोष मी मुलांना देत असे.

दुसरा बदल रांगेचा. अठरा मुले एका गोलसमोर रांगेत उभी करण्याऐवजी मी तिघातिघांचे सहा गट केले आणि प्रत्येक गटाला स्वतंत्र चेंडू दिला. मैदान आधीपेक्षा विस्कळीत दिसू लागले, दोन पालकांनी तसे बोलूनही दाखवले. पण पुढच्या मोजणीत त्याच मुलाच्या पायाला तासाभरात चेंडू दोनशेच्या वर लागला. त्या मुलीला मी ‘नीट बघ’ म्हणायचे सोडून ‘पास येण्याआधी एकदा खांद्यावरून मागे बघ’ असे सांगू लागलो. तिला बघता येत नव्हते असे नाही; कशाकडे बघायचे हे तिला कोणी सांगितले नव्हते, आणि ते सांगणे माझे काम होते.

आपण शिकवतो ते बहुधा आपल्याला जसे शिकवले गेले तसेच, हेही मला या पानांवरूनच कळले. तेरा वर्षांचा असताना माझ्या गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या हाडावर दुखरे टेंगूळ आले होते. माझ्या त्या वेळच्या प्रशिक्षकांनी ‘नाटके नकोत’ म्हणून मला आणखी दोन फेऱ्या मारायला लावल्या. झपाट्याने उंची वाढण्याच्या वयात मांडीच्या स्नायूंचा ताण जिथे हाडाला ओढतो तिथे होणारे हे दुखणे 1903 सालापासून वैद्यकशास्त्राला माहीत आहे; त्याला ऑसगूड-श्लाटर म्हणतात, आणि धावणे-उड्या काही काळ कमी केल्यावर व वाढ पूर्ण झाल्यावर ते बहुधा आपोआप जाते. हे सगळे मी प्रशिक्षक झाल्यावर वाचले होते, इतरांना सांगतही होतो. तरीही सहकाऱ्याने लिहिलेल्या एका पानावर नोंद सापडली की, गुडघा धरून थांबलेल्या एका मुलाला मी न थांबता म्हणालो, ‘चल, काही होत नाही.’ मला ते आठवतही नव्हते. त्याच संध्याकाळी मी त्या मुलाच्या आईला फोन केला आणि त्याला डॉक्टरांकडे न्यायला सांगितले.

एक मोजणी तर प्रशिक्षकाला घरी बसून करता येते. संघनिवडीनंतर प्रत्येक नावापुढे जन्ममहिना लिहावा. रॉजर बार्न्सली या कॅनेडियन मानसशास्त्रज्ञाने 1985 साली दाखवून दिले की, वयोगटाची सीमा 1 जानेवारी असलेल्या तिथल्या आइस हॉकीच्या वरच्या संघांत वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेली मुले कितीतरी जास्त आहेत. आणि तेव्हापासून अनेक देशांत, अनेक खेळांत हेच आढळले आहे. दहाव्या वर्षी दहा-अकरा महिन्यांचा फरक म्हणजे उंचीचा आणि ताकदीचा मोठा फरक. आपण निवडतो ते कौशल्य, असे आपल्याला वाटते, आणि निवडलेले असते वय. मी ही यादी केली तेव्हा चौदांपैकी नऊ जण पहिल्या चार महिन्यांतले निघाले. वर्षाच्या शेवटी जन्मलेल्या किती मुलांना मी सोळा वर्षांत घरी पाठवले असेल, हा विचार अजूनही मनातून जात नाही.

यावर आक्षेप येईल की अशाने प्रशिक्षकांवर पाळत बसेल. म्हणून निरीक्षक त्या संघातल्या मुलाचा पालक नसावा, पान आधी प्रशिक्षकाच्याच हातात पडावे आणि नेमणुकीशी त्याचा संबंध जोडू नये. महिन्यातून एक तास एवढीच अपेक्षा आहे. दोन प्रशिक्षक एकमेकांसाठी ते सहज करू शकतात. मैदानावर आणखी एक जाणते माणूस असणे मुलांच्या सुरक्षिततेसाठीही गरजेचे आहे, हे वेगळे सांगायला नको.

आपल्याकडे, म्हणजे वृत्तपत्रांकडे, एक विनंती आहे. प्रशिक्षकाला स्वतःचे काम दिसत नाही, म्हणून तो निकालाकडे बघतो. आणि आपणही त्याला निकालच दाखवता. नॉर्वेच्या क्रीडा महासंघाने मुलांच्या खेळासाठी 1987 सालीच नियम केले, आणि आज तिथे मूल अकरा वर्षांचे होते त्या वर्षापर्यंत स्पर्धांचे गुणतक्ते आणि क्रमवारी प्रसिद्ध करता येत नाही. 2018च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये याच देशाने 39 पदके मिळवून पहिले स्थान घेतले. ती पदके या नियमामुळेच मिळाली असा माझा दावा नाही. पण नियमामुळे खेळाडू घडायचे थांबले नाहीत, हे तर उघड आहे. दहा वर्षांखालील स्पर्धांचा कोण जिंकले हा मजकूर आपण छापू नये, आणि त्या जागेत कधी एखाद्या सरावाच्या तासाचे वर्णन छापावे. माझ्या फाइलमध्ये अशी साठेक पाने आहेत. मुलांची नावे काढून त्यांतले पहिले पान, म्हणजे ते एकतीस मिनिटांच्या रांगेचे, आपल्याकडे पाठवण्याची माझी तयारी आहे.

आपला विश्वासू,
एक फुटबॉल प्रशिक्षक