‘पार्ट नंतर घ्या, आधी तपासून या’ म्हणणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

ऑटोमॅटिक गाडीनं दोन झटके दिले की ‘गिअरबॉक्स गेला’ म्हणून सांगणारे पुष्कळ भेटतात. नाना पेठेत पार्ट विकायला बसूनही तुम्ही ‘आधी तपासून या’ म्हणता, आणि काय तपासायचं तेही काउंटरवरच्या गर्दीत न कंटाळता सांगता. त्याबद्दल आम्हा गाडीवाल्यांकडून मनापासून आभार. तुमची शिकवण इतरांच्याही कामी यावी म्हणून हे जाहीर पत्र.

सगळ्यात मोठं ऋण गिअरबॉक्सच्या ऑईलचं. गाडी १५-२० मिनिटं चालवून गरम करायची, सपाट जागी लावायची, हँडब्रेक ओढायचा. इंजिन चालू ठेवून, ब्रेकवर पाय दाबून लिव्हर पी (पार्किंग) पासून डी (ड्राइव्ह) पर्यंत आणि परत न्यायचा, दर ठिकाणी ३-४ सेकंद थांबत. मग ऑईलची पातळी बघायची पट्टी, म्हणजे डिपस्टिक. (होंडाच्या बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद करून लगेच बघतात, म्हणून मॅन्युअल आधी वाचायचं.) एक थेंब पांढऱ्या टिश्यूवर सोडायचा. लालसर, स्वच्छ पसरला तर ठीक. मधोमध काळा डाग उरला आणि करपल्याचा वास आला, तर आतल्या क्लच प्लेटा जळताहेत. दुधाळ गुलाबी दिसला तर कूलंट ऑईलमध्ये शिरलंय. ती गाडी चालवायची नाही, टो करून न्यायची. डिपस्टिकच नसेल तर पातळी खालच्या प्लगवरून बघतात, ते काम लिफ्टवरचं. नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरायचं नाही, हे तुम्ही दरवेळी बजावता.

दुसरी गोष्ट थरथरीची. सकाळच्या मोकळ्या बायपासवर ५०-६०च्या वेगात, अॅक्सिलरेटर हलका दाबलेला असताना गाडी रम्बलरवरून गेल्यासारखी थरथरते. मागे कोणी नाही हे बघून अॅक्सिलरेटर तसाच ठेवायचा आणि डाव्या पायानं ब्रेक जेमतेम टेकवायचा. त्यानं टॉर्क कन्व्हर्टरचं (इंजिनची ताकद ऑईलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉकअप, म्हणजे त्याच्या आतल्या क्लचची थेट पकड, सुटतं. थरथर तत्क्षणी थांबली तर संशय कन्व्हर्टरवर आणि जुन्या ऑईलवर. चालूच राहिली तर आधी इंजिनचे स्पार्क प्लग आणि इग्निशन कॉइल बघायचे.

गाडीतले दोष वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०७०० हा कोड दिसला म्हणून घाबरायचं नाही. गिअरबॉक्सच्या कंट्रोलरमध्ये दुसरा कोड आहे, एवढाच त्याचा निरोप. तो आतला कोड वाचणारा स्कॅनर हवा: पी०७१५ म्हणजे इनपुट स्पीड सेन्सरचं सर्किट, पी०७४० म्हणजे कन्व्हर्टर क्लचचं. आणि कोडवर विश्वास ठेवण्याआधी बॅटरी मोजायची: इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास, चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. व्होल्टेज पडलं की चांगला कंट्रोलरही भलतंच सांगतो.

लिव्हर पी मधून निघत नसेल तर मागचे ब्रेक लाइट बघा. लागत नसतील तर दोष बहुधा ब्रेक स्विचचा किंवा फ्यूजचा.

एएमटीला (गिअरबॉक्स साधाच, पण क्लच आणि गिअर यंत्र बदलतं) यातलं बरंचसं लागू नाही. तिचा क्लच साध्या गाडीसारखाच झिजतो; चढावर ब्रेक न दाबता अॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली की जळतो.

पुढच्या आठवड्यात ४ लिटर ऑईल न्यायला येतो. गिअरबॉक्सच्या तळाच्या पॅनमधून निघेल ते मोजून तेवढंच परत भरू, कारण बाकीचं कन्व्हर्टरमध्येच राहतं. पॅनचं गॅस्केटही काढून ठेवा.

आपले नम्र,
कोथरूडचे ऑटोमॅटिक गाडीवाले